‘कुठून उगवला हा?’

ताई,

स. न. वि. वि.

माझं वय ७४. आमच्या ह्यांना पुढच्या महिन्यात ७९ पूर्ण होतील. ५२ वर्षं गाडी चालवतायत, आजवर कोणाला साधा धक्का लागला नाही. मला चालवता येत नाही, मी कायम शेजारच्या सीटवर. दोन महिन्यांपूर्वी मुलाने गाडीची किल्ली स्वतःकडे घेतली. फाटकाच्या खांबाला मागचा डावा दरवाजा दोनदा घासला, एवढंच निमित्त. “बाबा, वय झालं तुमचं, आता पुरे,” म्हणाला. ह्यांनी वाद घातला नाही, पण तेव्हापासून मुलाशी कामापुरतंच बोलतात. रात्री चालवणं तर ह्यांनी दोन वर्षांपूर्वी आपणहूनच सोडलं होतं.

त्याच आठवड्यात ती किल्ली नातवाच्या हातात गेली. त्याला १८ पूर्ण होऊन चार महिने झालेत, लायसन्स अगदी ताजं. परवा चार मित्रांना सोडून रात्री दीड वाजता घरी आला. मी जागीच होते. मुलगा म्हणतो, “तरुण आहे, रिफ्लेक्स चांगले आहेत, शिकेल हळूहळू.”

ह्यांच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. किल्ली जायच्या महिनाभर आधी एका चौकात डावीकडून दुचाकी आली. मला ती चांगली लांबून दिसत होती. ह्यांना दिसली नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. हे म्हणाले, “कुठून उगवला हा?” खरं तर वर्षभर मी प्रत्येक चौकात “डावीकडून मोकळं आहे” असं सांगत आले आहे. सवयच लागली.

आणखी एक. दुसरी किल्ली ह्यांच्याकडे आहे, मुलाला ते माहीत नाही. गेल्या रविवारी म्हणाले, चल, जवळच जाऊन येऊ. मी गुडघा दुखतोय असं सांगून टाळलं.

गाडी कोणी चालवावी हे वयावरून ठरवणं बरोबर आहे का? आणि मी कोणाची बाजू घेऊ?

– एक आजी

*

काकू, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी त्या दुसऱ्या किल्लीचं बोलते, कारण ते थांबण्यासारखं नाही. गेल्या रविवारी गुडघ्याचं निमित्त चाललं. पुढच्या वेळी काका म्हणतील, “बरं, तू आराम कर, मी जाऊन येतो.” मग त्या चौकात ओरडायला शेजारी कोणी नसेल. म्हणून हे वाचून झालं की आधी त्यांच्याशी बोला. डोळे नीट तपासून होईपर्यंत ती किल्ली वापरायची नाही, एवढंच ठरवून घ्या. ‘कायमची बंद’ असा शब्द आत्ता काढूच नका, कारण ते अजून कोणालाच माहीत नाही. आणि किल्ली लपवून ठेवू नका. घरात लपवालपवी आधीच बरीच झाली आहे आणि तिचाच सगळ्यांना त्रास होतोय.

आता तुम्ही लिहिलेलंच पुन्हा एकदा सलग वाचा. खांब घासला तो डाव्या दरवाजाला, तोही दोनदा. दुचाकी आली तीही डावीकडून. वर्षभर तुमच्या तोंडी जे बसलंय तेही “डावीकडून मोकळं”. पत्रात या तीन गोष्टी तीन ठिकाणी आल्या आहेत, पण मला ती एकच गोष्ट वाटते. मुलाला ओरखडे दिसले, दुचाकीचं त्याला ठाऊक नाही. काकांना दुचाकी ‘उगवली’ एवढंच ठाऊक. सगळं मिळून ठाऊक असलेलं घरात एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही.

“कुठून उगवला हा?” या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. नजर कमी झाली म्हणजे अंधुक दिसणार, असं आपण धरून चालतो. कडेची नजर जाते तेव्हा तसं होत नाही. काचबिंदूमध्ये समोरचं कितीतरी दिवस स्वच्छ दिसत राहतं. पाटी वाचता येते, पेपर वाचता येतो, सुईतसुद्धा दोरा ओवता येईल. कडेचे तुकडे तेवढे हळूहळू निसटत जातात, आणि त्या जागी काळा डाग वगैरे काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकतो. शेजारी रस्ता असला तर रस्ता, भिंत असली तर भिंत. त्यामुळे आपल्याला दिसत नाहीये हेच माणसाला कळत नाही. दुचाकी त्या भरून काढलेल्या जागेतून बाहेर आली की ती हवेतून आल्यासारखी वाटते. काकांनी निष्काळजीपणा केला नाही, की वेळ मारून नेण्यासाठी काही बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ती खरोखरच उगवली.

मी डॉक्टर नाही आणि काकांना काचबिंदूच आहे असं म्हणत नाही. मान पूर्वीइतकी वळत नसेल, मोतीबिंदू असेल, चष्म्याच्या जाड काड्या आड येत असतील, कदाचित लक्ष एका वेळी दोन ठिकाणी पुरत नसेल. हे शोधून काढायचं काम घरातल्या कोणाचं नाही, मुलाचंही नाही. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन फक्त “नंबर तपासा” म्हणाल तर तेवढंच तपासलं जायची शक्यता आहे. डोळ्याचा दाब बघायला सांगा आणि कडेच्या नजरेची तपासणी मागून घ्या. तिला पेरिमेट्री किंवा फील्ड टेस्ट म्हणतात. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. एकेका डोळ्याला काही मिनिटं लागतात, दुखत काही नाही, कंटाळा मात्र येतो. आणि दुचाकीचा प्रसंग डॉक्टरांना काकांसमोर, जसा घडला तसा सांगा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली थेंबांनी, कधी शस्त्रक्रियेने टिकवता येते. म्हणजे गाडीचा प्रश्न नसता तरी ही तपासणी व्हायलाच हवी होती.

मोतीबिंदू निघाला तर त्यातल्या त्यात बरी बातमी समजा. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदू काढून घेतलेल्या वयस्कर चालकांचे अपघात, मोतीबिंदू तसाच ठेवलेल्यांच्या तुलनेत साधारण निम्मे आढळले होते. विचार करा, अशा किती लोकांची किल्ली घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून काढून घेतली असेल!

आणि हो, जाताना काकांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी जुनी औषधं, साखर एकदम उतरवणारी मधुमेहाची काही औषधं, यांतलं काय चालू आहे ते घरच्या डॉक्टरांना एकदा एकत्र बघू दे. वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळीचा गाडीशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातच येत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. वयावरून ठरवावं का?

माझं मत असं, की तपासणी कधी करायची ते वयाने ठरावं, निकाल मात्र वयाने लागू नये. विशीतली दोन माणसं तब्येतीने जितकी सारखी असतात तितकी सत्तरीतली नसतात. ७९ वर्षांचा एक माणूस रोज जिने चढून जातो आणि मान वळवून मागचं सगळं बघतो, दुसऱ्याला शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागतात. दोघांच्या जन्मतारखा सारख्या असल्या म्हणून दोघांना एकच उत्तर देणं मला मान्य नाही. आणि पासष्टीतल्या ज्या माणसाची स्मृती जाऊ लागली आहे त्याला ‘अजून वय व्हायचंय’ म्हणून मोकळं सोडणं तर धोक्याचंच.

पण वय म्हणजे नुसता आकडा, असंही मी तुम्हाला सांगणार नाही. ऐकायला छान वाटतं, खरं नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. समोरच्या हेडलाइटने डोळे दिपले तर सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. निर्णयाला नुसता अर्धा सेकंद जास्त लागला तरी आठ मीटर गेले, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढं अंतर. म्हणून वयस्कर चालकांचे अपघात जास्त करून चौकात होतात, समोरून येणाऱ्या वाहनांना आडवं जाऊन वळताना होतात. तिथे एकाच वेळी तीन दिशांना बघून, दुसऱ्याच्या वेगाचा अंदाज घेऊन झटकन ठरवावं लागतं. तरुणांचे होतात ते वेगाने, रात्री, गाडीवरचा ताबा सुटून. दोघांच्या चुका वेगळ्या आहेत, म्हणून उपायही वेगळे.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हाताऱ्या चालकांचे अपघातांत मृत्यू जास्त होतात, याचं एक मोठं कारण त्यांची हाडं आणि बरगड्या हे आहे, त्यांचं चालवणं नव्हे. ज्या धक्क्यातून तुमचा नातू खरचटून उठेल त्याच धक्क्याने काकांची छाती मोडेल. तेव्हा मुलगा जी काळजी करतोय तीही खोटी नाही. फक्त त्याने ती “वय झालं” या दोन शब्दांत कोंबली.

वेगवेगळ्या देशांनी या प्रश्नाचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे, कारण सगळ्यांना पटलेलं उत्तर अजून सापडलेलं नाही. भारतात चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ब्रिटनमध्ये सत्तरीला लायसन्स संपतं, पुढे दर तीन वर्षांनी नवं करायचं, पण आपण तंदुरुस्त आहोत हे अर्जात स्वतःच लिहून द्यायचं असतं. न्यूझीलंडमध्ये ७५व्या वर्षी, मग ८०व्या आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी डॉक्टरचा दाखला. जर्मनीत निव्वळ वयावरून कोणाची तपासणी होत नाही.

डेन्मार्कचा अनुभव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांना लायसन्सच्या नूतनीकरणासाठी स्मृतीची छोटी चाचणी सक्तीची केली. पुढे संशोधकांनी आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. गाडी चालवणाऱ्या वृद्धांचे मृत्यू काही कमी झाले नव्हते. उलट पायी आणि सायकलवर जाणाऱ्या वृद्धांचे मृत्यू वाढले होते. किल्ली गेली म्हणून माणूस घरात बसला नाही. तो चालत निघाला, तोच चौक ओलांडायला, तीच नजर घेऊन, आणि आता अंगाभोवती पत्राही नव्हता. २०१७ मध्ये तिथे वयावर आधारलेली ती सक्तीची तपासणीच काढून टाकली. काकू, हे तुमच्या मुलाला जरूर वाचून दाखवा. किल्ली काढून घेतली की बाबा सुरक्षित झाले, असं त्याला वाटत असणार. काका आता चौकापर्यंत पायी जात असतील तर डावीकडची ती न दिसणारी दुचाकी अजूनही तिथेच आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९च्या एप्रिलमध्ये तोक्योत ८७ वर्षांच्या एका चालकाची गाडी भर रस्त्यात सुसाट सुटली आणि सायकलवरून चाललेली ३१ वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी मेली. गाडीतच बिघाड झाला, असं तो कोर्टात सांगत राहिला. कोर्टाने ते मानलं नाही. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला असा निष्कर्ष काढून २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त काय छळतं सांगू? खटला संपेपर्यंत त्या माणसाचं म्हणणं होतं, की आपण ब्रेकच दाबला. “कुठून उगवला हा?” सारखंच ते. २०१९ या एका वर्षात जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. तिथे आता पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मृतीची चाचणी असते आणि २०२२पासून, ज्यांच्या नावावर वाहतुकीचे काही ठरावीक गुन्हे आहेत त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. हा नियम मला पटतो. तो जन्मतारखेवर थांबत नाही, माणसाने रस्त्यावर काय केलं ते बघतो.

२०१९च्याच जानेवारीत ब्रिटनच्या तेव्हाच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांची गाडी मुख्य रस्त्यावर वळताना दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. ते ९७ वर्षांचे होते, सूर्य समोर खाली आला होता, दुसरी गाडी त्यांना दिसली नाही. दुसऱ्या गाडीतल्या एका बाईचं मनगट मोडलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतः लायसन्स परत केलं. घराण्याचा मान, मदतीला माणसं, कशाचीही कमी नसलेल्या माणसालाही हा निर्णय घ्यायला अपघात व्हावा लागला. मग काकांना तो अवघड जातोय यात नवल नाही.

आता नातवाचं. या बाबतीत मी तुमच्या मुलाशी साफ असहमत आहे. रिफ्लेक्स चांगले असणं म्हणजे चांगलं चालवणं नव्हे. ब्रेक पटकन दाबता येणं ही एक गोष्ट, ब्रेक लागेल असा प्रसंग येतोय हे आधीच ओळखणं ही दुसरी, आणि ती अनुभवाशिवाय येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहेत. नवशिक्या चालकाला सगळ्यात जास्त धोका असतो तो लायसन्स मिळून एकटा गाडी नेऊ लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. त्यात रात्र आली की वाढतो, गाडीत समवयस्क मित्र असले की आणखी वाढतो. परवा तुमच्या नातवाच्या गाडीत यातलं सगळंच होतं: चार महिन्यांचं लायसन्स, चार मित्र, रात्रीचा दीड. तुम्ही जाग्या होतात ते उगीच नाही.

म्हणून खालच्या टोकाला वयाचा नियम असावा आणि तो कडक असावा, असं मला वाटतं. ७९ वर्षांच्या माणसाच्या मागे ५२ वर्षांची नोंद असते, त्यावरून काही ठरवता येतं. १८ वर्षांच्या मुलामागे काहीच नसतं, म्हणून तिथे आकडाच धरावा लागतो. १९८७ मध्ये न्यूझीलंडने लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. आधी जाणत्या माणसाला शेजारी बसवून चालवायचं, मग एकट्याने, पण रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी काढायची नाही आणि मित्रांना घ्यायचं नाही, आणि तेही निभावलं की पूर्ण लायसन्स. पुढे बऱ्याच देशांनी ही पद्धत उचलली, कारण तिने तरुणांचे अपघात खरोखर कमी झाले. जिथे कायद्यात हे नाही तिथे घरात लावता येतं. पहिलं वर्षभर रात्री दहानंतर गाडी नाही, एका वेळी एकच मित्र, फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात बंद. हे तुमच्या मुलाने त्याला सांगायचं आहे, तुम्ही नाही. आजीने सांगितलं तर ती काळजी होते, बापाने किल्ली देताना सांगितलं तर ती अट होते.

मी हे सगळं इतकं ठामपणे लिहितेय त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. माझे वडील ८१ वर्षांचे असताना त्यांचं रस्ते चुकणं सुरू झालं. गाडी थांबवणं बरोबरच होतं, आजही मला तसंच वाटतं. पण मी त्यांच्याशी बोलले नाही. ते चार दिवस बहिणीकडे गेले असताना गाडी विकून टाकली. वाद टळला म्हणून मला सुटल्यासारखं झालं. ते परत आले, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. गाडी पुसायचं एक पिवळं फडकं होतं त्यांचं. रोज सकाळी गाडी पुसून झाली की ते स्वतः धुऊन गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालायचे. गाडी गेल्यानंतरही कित्येक दिवस ते फडकं रोज सकाळी धुतलेलं, पिळलेलं, कठड्यावर दिसायचं. काय पुसत होते ते मी कधी विचारलं नाही. हळूहळू त्यांनी बाहेर जाणंच कमी केलं. मित्राकडे जायचं तर कोणाला तरी ‘सोड’ म्हणावं लागे, आणि ते म्हणणं त्यांना जमत नव्हतं. गाडी सुटल्यावर वृद्धांमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं असं अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिल्यावर दिसलंय, हे मी नंतर वाचलं. घरात ते मी आधीच पाहिलं होतं.

म्हणून काकांशी बोलणं तुम्हीच करा आणि मुलाआधी करा. दुचाकीची गोष्ट त्यांना सांगा. “तुम्हाला दिसत नाही” असं नको. “त्या दिवशी ती मला चौकाच्या बऱ्याच आधीपासून दिसत होती, तुम्ही म्हणालात उगवली, तेव्हापासून माझ्या मनात भीती आहे,” असं. तुम्ही हे त्यांच्यापासून लपवलंत ते त्यांचा मान राखायला, मला समजतं. पण त्यामुळे काकांना वाटतंय की दोन ओरखड्यांसाठी मुलाने आपला पाणउतारा केला. खरं कारण त्यांना कळलंच नाही तर त्यांना राग येणारच. ५२ वर्षं जबाबदारीने चालवलेल्या माणसाने रात्रीचं चालवणं स्वतःच सोडलं होतं, हे विसरू नका. कोणी न सांगता आपली मर्यादा ओळखलेला माणूस आहे तो. त्यांना माहिती द्या, ते ठरवू शकतील.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तरी आणखी एक करा. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला बोलवा, ज्याच्याकडे दुहेरी ब्रेकची गाडी असेल. तासभर ओळखीच्या आणि अनोळखी रस्त्यावर काकांना चालवू द्या. तुम्ही त्या गाडीत बसू नका. बसलात तर सवयीने “डावीकडून मोकळं” म्हणालच, आणि मग परीक्षा दोघांची मिळून होईल. मुलालाही बसवू नका. त्या माणसाने जे सांगितलं ते सगळ्यांनी मानायचं, हे आधी ठरवून घ्या, काकांनीही आणि मुलानेही. कदाचित तो म्हणेल, दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, पावसात नको. तेवढंही पुष्कळ आहे. कदाचित म्हणेल, नको. मग नको.

नको म्हणाला तर लगेच दुसऱ्या दिवसापासून काय, याची तयारी आत्ताच करा. पंधरा दिवस एका कागदावर लिहून ठेवा, काका गाडी घेऊन कुठे कुठे गेले असते. बँक, मित्र, दवाखाना, नुसती चक्कर. प्रत्येकासमोर कोण नेणार किंवा कशाने जाणार ते लिहा. वार ठरवून टाका, म्हणजे दर वेळी विचारावं लागणार नाही. ‘नुसती चक्कर’ सगळ्यात आधी लिहा, कारण घरचे लोक दवाखान्याला सोडायला नेहमी तयार असतात, चक्कर मारायला कोणाला वेळ नसतो.

बाजू कोणाची घ्यायची असं तुम्ही विचारलंत. मुलगा गाडी थांबवण्याबद्दल बहुधा बरोबर आहे, ज्या पद्धतीने थांबवली त्याबद्दल चुकला, आणि नातवाबद्दल दुसऱ्यांदा चुकला. काकांसमोर त्याने हे एवढंच म्हणावं असं मला वाटतं: “बाबा, मी तुम्हाला न विचारता किल्ली घेतली, ते चुकलं.” किल्ली परत द्यायची गरज नाही त्यासाठी.

तोवर गेल्या रविवारी जिथे जायचं राहिलं तिथे जाऊन या. दिवसाउजेडी, नातवाला चालवू द्या आणि काकांना शेजारी बसवा. डावीकडचं कदाचित निसटेल, पण पुढची गाडी आता ब्रेक मारणार हे त्या मुलाच्या आधी त्यांनाच कळेल, आणि ते ऐकण्यासारखं असतं. दोघांचं जमत नसेल, आजोबा रागावणारे असतील, तर हा बेत सोडून द्या, चालत्या गाडीत भांडण नको. जमत असेल तर तुम्ही मागे बसा, खिडकीपाशी. वर्षभरात पहिल्यांदाच तुम्हाला बाहेर बघायला मिळेल.

आणि फील्ड टेस्टचं काय झालं ते नक्की कळवा. वाट बघतेय.

तुमची,
ताई